गोवर ही देवी नव्हे

दिवाळी सरली कीं परभणीच्या स्टेशनावर गांठोडीं दिसूं लागतात. कापूस-सोयाबीननें ज्यांचें पोट भरलें नाहीं, ते आमचे शेतकरी, मजूर व कारागीर बंधु मुंबई-पुण्याची वाट धरितात. कडेवर तान्हें लेंकरूं असतें. त्याचें पुढें काय होतें, हें कोण पाहतो? आम्ही शाळामास्तर, मूल जगलें तरच पाटीवर अक्षर उमटेल, म्हणून हें लिहितों.

२०२२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत मुंबईच्या गोवंडी भागांत गोवराची साथ उठली. भिवंडी व मालेगांव येथेंही ती पसरली. मुलें दगावलीं, त्यांतील बहुतेकांस लस मिळालेली नव्हती. लस फुकट, दवाखाना शहरांतच, तरी मुलें मेलीं! याचें खापर आईबापांच्या अज्ञानावर फोडणें सोपें आहे. पण एका खोलींत सारें कुटुंब, पाणी विकतचें, आणि खाडा पडला कीं चूल थंड. अशा घरानें लसीची तारीख कशी पाळावी?

शिवाय गोवर एकटा मारीत नाहीं. भूक त्याला दार उघडून देते. अर्धपोटीं मुलास रोग लवकर जडतो, रोगानें अन्नावरची वासना उडते, जुलाबानें खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. मूल आणखी वाळतें, आणि दुसरा रोग टपलेलाच असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं ३५ वयाच्या मानानें खुजीं व सुमारें २६ उंचीच्या मानानें रोडकीं आढळलीं. यांत सावकाराचीं किती व घाम गाळणारांचीं किती, हें सांगावयास ज्योतिषी नको.

बंधुभगिनींनो, गोवर ही देवी नव्हे. पुरळ उठलें कीं अंगारा लावून बसूं नका. मूल दवाखान्यांत न्या, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मागा. नऊ महिने भरतांच पहिली व दीड वर्षाच्या सुमारास दुसरी लस टोंचून घ्या. गांव सोडतांना लसीचें कार्ड पदरीं बांधा. शहरांत पोंचतांच अंगणवाडींत मुलाचें नांव घाला. आजारांतून उठलेल्या मुलास कांहीं दिवस एक जेवण जास्त द्या.

महापालिकांनाही आमचें विचारणें आहे. मजुराच्या घामाच्या इमारती तुम्हांस चालतात. मग त्याच्या मुलास स्वच्छ पाणी, शौचकूप व हाकेवर अंगणवाडी देतांनाच त्याची वस्ती बेकायदा कशी ठरते? सावित्रीबाई फुले १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां निवर्तल्या. रोगी कोणत्या वस्तींतला, हें पाहून त्यांनीं हात मागें घेतला नाहीं. त्यांच्या तसबिरीस हार घालणारांनीं एवढें तरी शिकावें.