समजून घ्या : गाडीच्या एसीतला गॅस ‘कमी’ झाला, तर गेला कुठे?

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की गोंदिया-कोहमारा रस्त्यावरच्या गॅरेजांत गर्दी वाढते. एसीची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांचे निदान एकाच वाक्यात आटोपते : ‘गॅस कमी झाला आहे, भरून टाकू.’ बॉनेट उघडते, नळी लागते, दहा मिनिटांत थंड हवा सुरू होते. नवतपा निघून जातो. पुढच्या एप्रिलमध्ये तीच गाडी आणि तेच वाक्य. गोरेगाव तालुक्यात लग्नसराईच्या भाड्यावर गाडी चालवणारे अनेक जण हा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा गृहीतच धरतात. तो गृहीत धरण्याचे काहीच कारण नाही.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटलेला हा द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर. नळ्यांच्या रबरातून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून किंचित गॅस झिरपतो हे खरे. पाच-सहा वर्षांच्या गाडीत थोडी घट दिसली तर मेकॅनिकवर संशय घेऊ नये. पण दर उन्हाळ्यात रिकामी होणारी सिस्टीम गळकी आहे. टायर पंक्चर असताना रोज हवा भरून गाडी हाकावी, तसे हे चालले आहे.

सिलिंडर तोलता, मग हे का नाही?

गॅस किती आहे हे बहुतेक ठिकाणी गेजवरचा दाब पाहून ठरवले जाते. इथेच गफलत होते. जुन्या-नव्या बहुसंख्य गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. इंजिन बंद असताना बाहेर ४० अंश असेल, तर त्याचा दाब सुमारे १३० पीएसआय दिसेल. आत ४०० ग्रॅम असो की २००, जोवर थोडा द्रव शिल्लक आहे तोवर काटा तिथेच. घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर आठवा. तो अर्धा झाला तरी शेगडीची ज्योत तशीच असते. म्हणून आपण सिलिंडर दारात आला की १४.२ किलोचा हिशेब काट्यावर तोलून घेतो. गाडीतला गॅसही तोलूनच भरायचा असतो. किती ग्रॅम आणि कोणता गॅस, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते. लहान गाडीत साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच मावतात. म्हणजे अंदाजाने शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले, तरी पाव-पंचवीस टक्क्यांची चूक झाली.

इंजिन चालू असतानाचे दोन्ही बाजूंचे दाब निदानाला उपयोगी पडतात, पण तेही बाहेरच्या तापमानाशी जोडूनच वाचावे लागतात. विदर्भातल्या ४४ अंशांत हाय साइडचा आकडा पुण्यातल्या ३२ अंशांपेक्षा चढाच राहणार. तो पाहून ‘गॅस जास्त झाला’ म्हणत थोडा सोडून देणे, किंवा थंडावा कमी वाटला म्हणून आणखी भरणे, दोन्ही घातक. गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये जागा उरत नाही. थंडावा घटतो, इंजिनावरचा भार वाढतो. कमी असला की कॉम्प्रेसर मरतो, कारण त्याचे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नाही म्हणजे तेल परत येत नाही. गॅसच्या पैशांत वाचवलेले कॉम्प्रेसरच्या बिलात जातात ते असे.

दोष गॅसचा नसतोच तेव्हा

आपल्याकडचा मोठा गुन्हेगार वेगळाच आहे : धूळ आणि कोंडा. उन्हाळी धानाची कापणी, हार्वेस्टरचा धुरळा, राईस मिलसमोरची वाहतूक. हे सगळे कंडेन्सरच्या पातळ जाळीत जाऊन बसते. जाळी तुंबली की उष्णता बाहेर पडत नाही आणि गॅस पुरेपूर असूनही गाडी तापते. गाडी धावताना थंड आणि चौकात थांबली की गरम, असे होत असेल तर आधी कंडेन्सर आणि त्यामागचा पंखा पाहावा. धुताना पाणी हलक्या दाबाने सोडावे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीची पाती वाकतात आणि रोगापेक्षा औषध महाग पडते.

हवा थंड आहे पण वाराच कमी येतो, तर दोष केबिन फिल्टरचा. तो बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि घरीही बदलता येतो. सुरुवातीला छान, तासाभराने वारा मंदावतो, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत, अशी तक्रार असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे. कॉम्प्रेसर सारखा टक-टक करत चालू-बंद होत असेल, तेव्हा मात्र गॅस कमी असल्याची शक्यता खरी. गाडीखाली पडणारे पाणी ही गळती नव्हे. ते हवेतल्या ओलाव्याचे पाणी आहे. ते बाहेर पडण्याऐवजी पायाखालच्या मॅटवर आले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

गळती शोधायला वेळ लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. गॅसबरोबर तेलही बाहेर येते, म्हणून जोडांवरचा ओशट, धूळ चिकटलेला डाग हा पहिला पुरावा. तो न दिसल्यास नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतात, किंवा रंग सोडून अतिनील दिव्याने पाहतात. गळती काढल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवायचा, पंप बंद करून काटा हलतो का ते पाहायचे आणि मगच गॅस भरायचा. व्हॅक्यूमशिवाय आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठतो, तेलात मिसळून धातू खातो. हे सगळे दहा मिनिटांत होत नाही. ‘लवकर करून द्या, वऱ्हाड थांबले आहे’ म्हणणारा ग्राहक आणि ‘भरून टाकू’ म्हणणारा मेकॅनिक, या दोघांनी मिळून ही सवय लावली आहे. दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारणे बरोबर नाही.

हवेत गेलेला गॅसही फुकट जात नाही. आर-१३४एची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट मानली जाते. एका लहान गाडीतले ४०० ग्रॅम सुटले तर साडेपाचशे किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून २०३२ पासून अशा वायूंच्या वापरात टप्प्याटप्प्याने कपात व्हायची आहे. मार्च २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’मध्ये २०२२-२३ पर्यंत सर्व्हिसिंगच्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. अशी प्रशिक्षणे शहरातल्या कंपनी-वर्कशॉपपुरती राहू नयेत. तालुक्याच्या गॅरेजला डिजिटल वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप घेण्यासाठी कर्ज किंवा अनुदान मिळावे, आणि आयटीआयने उन्हाळ्याआधी दोन दिवसांचे वर्ग तालुक्यातच घ्यावेत.

ही निकड आता मोटारींपुरती नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. गोंदियाचा तांदूळ वाहणारे नवे ट्रक दुरुस्तीला याच रस्त्यावरच्या गॅरेजांत थांबतील. तोवर मोटारमालकांनी एवढे करावे : बिलावर ‘गॅस भरला’ ऐवजी किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला आणि गळती कुठे सापडली, हे लिहून मागावे आणि ते बिल गाडीतच ठेवावे. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा जावे लागले, तर गेजच्या आधी मेकॅनिकच्या हाती ते बिल द्यावे.