वेगवान बोटांना हवी पुरेशी झोप

घरातला मुलगा हेडफोन लावून डेथ मेटल ऐकू लागला, की पालकांना त्याच्या डोक्याची काळजी वाटू लागते. कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या नाशिककर मुलांच्या घरांतही ती असणारच. पण मूल हे संगीत नुसते ऐकत नसून वाजवायलाही शिकत असेल, तर आधी लक्ष द्यायला हवे ते त्याच्या मनगटाकडे आणि झोपेकडे.

‘ब्लॉटेड सायन्स’ या अमेरिकी बँडचा २००७ मधील अल्बम ‘द मॅकिनेशन्स ऑफ डिमेन्शिया’ हे यासाठी उत्तम उदाहरण. त्यात गायन नाही. रॉन जार्झोम्बेक यांची अतिवेगवान, गुंतागुंतीची गिटार हाच त्याचा प्राण. रचनांची नावे मेंदूशास्त्रातली आहेत: ‘सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी’, ‘अ‍ॅडेनोसिन बिल्डअप’, ‘अ‍ॅडेनोसिन ब्रेकडाउन’. योगायोग असा, की असे वादन माणसाला जमते कसे, याचे उत्तर याच नावांत आहे.

सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी म्हणजे सरावाने मेंदूपेशींमधील जोडण्या बदलण्याची क्षमता. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठीचे क्षेत्र अधिक विस्तारलेले असते, हे १९९५ मध्ये दिसून आले. अ‍ॅडेनोसिन हे रसायन जागेपणी मेंदूत साठत जाते आणि झोप आणते. झोपेत त्याचा निचरा होतो. कॉफी त्याचा परिणाम तात्पुरता रोखते, झोपेची गरज मात्र भागवत नाही. बोटांच्या हालचालींचा क्रम शिकवून रात्री झोपू दिल्यावर, मध्ये सराव न करताही वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे हार्वर्डच्या संशोधकांनी २००२ मध्ये नोंदवले. हा लाभ नेमका किती, यावर पुढे मतभेद झाले. पण जागरण करून केलेला सराव चांगला, असे कोणी म्हटलेले नाही.

दुसरी बाजू हाताची. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. त्यांचे दोरीसारखे स्नायुबंध मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात आणि त्याच वाटेने एक महत्त्वाची नसही जाते. मनगट वाकवून तासन्‌तास वेगात वाजवले, तर स्नायुबंधांवर ताण येतो आणि नस दबू शकते. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे ही त्याची खूण. खुद्द जार्झोम्बेक यांनाही हाताच्या अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या. नामवंत पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६४ च्या सुमारास आपोआप आत वळू लागली. ‘फोकल डिस्टोनिया’ या विकारामुळे त्यांना अनेक वर्षे फक्त डाव्या हाताने वाजवावे लागले.

‘पूर्वीचे उस्ताद दहा-दहा तास रियाज करत,’ असे यावर कोणी म्हणेल. पण त्या रियाजात आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन ही शिस्त होती आणि बैठक चुकली तर टोकणारा गुरू समोर होता. मोबाइलवरचा व्हिडिओ टोकत नाही. तो थेट चौगुन दाखवतो आणि मूल रात्री दोनपर्यंत तिचा पाठलाग करते.

म्हणून गिटारच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यापासूनच हात सांभाळायला शिकवले पाहिजे. आधी संथ सराव, मग मेट्रोनोमवर थोडा थोडा वेग. अर्ध्या तासाने पाच मिनिटे विश्रांती. दुखले की थांबणे. मुंग्या किंवा वेदना काही दिवस टिकल्या, तर मलम चोळत न बसता अस्थिरोगतज्ज्ञ वा फिजिओथेरपिस्ट गाठावा. गणेशोत्सवाआधी कित्येक दिवस सराव करणाऱ्या नाशिकच्या ढोलपथकांनाही हे नियम तितकेच लागू आहेत. धावपटूचा पाय दुखला की प्रशिक्षक त्याला बसवतो. वादकाचा हात दुखला की मात्र ‘सवय होईल’ असे सांगितले जाते. हा सल्ला आता बंद व्हायला हवा.