साप चावल्यावर दोर आवळू नका



मृगाचा पाऊस पडला की आपल्या परभणी जिल्ह्यात पेरणी, मग खुरपणी सुरू होते आणि त्याबरोबर साप चावल्याच्या बातम्याही कानावर येऊ लागतात. जिंतूरच्या डोंगरातली वाडी असो की गंगाखेड-पालमकडची गोदाकाठची वस्ती, इंजेक्शन मिळेल असा दवाखाना काही कोसांवर असतो. त्या मधल्या वेळात घरच्या माणसांनी काय करावे, याविषयी आज लिहीत आहोत. हे लिहिण्याचे कारण आमच्याच हातून झालेली एक चूक आहे. तीच आधी सांगतो.

गोष्टीला वीस वर्षे झाली. आम्ही बी.कॉम. होऊन नुकतेच कारकुनीला लागलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी असताना आमच्या चुलत वहिनीला कापूस वेचताना डाव्या हाताच्या मधल्या बोटाला साप चावला. कोणी म्हणाले मारुतीच्या पारावर न्या, कोणी म्हणाले मांत्रिकाला बोलवा, कोणी कडुलिंबाचा पाला चघळायला आणला. कडू लागला नाही तर विष चढले, असा तो हिशेब. आम्ही सर्वांना ठणकावले, आपण बौद्ध आहोत, हे चालणार नाही. आणि मग शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात आम्ही सुतळीने बोट मुळाशी करकचून आवळले, दाढीच्या ब्लेडने चीर दिली. बैलगाडीने सडकेपर्यंत आणि तिथून जीपने दवाखान्यात पोहोचायला अडीच तास लागले. डॉक्टरांनी एक दिवस नजरेखाली ठेवले आणि सांगितले, विषाची लक्षणे नाहीत, साप बिनविषारी असावा. पण बोट काळेनिळे पडले होते, चिरेची जखम चिघळली. पुढे ते बोट काढावे लागले. डॉक्टर म्हणाले, "हे बोट सापाने नाही नेले, तुमच्या सुतळीने नेले." वहिनी आजही कापूस वेचतात. आम्हाला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट "भाऊजी, तुम्ही जीव वाचवायलाच केलं" असे म्हणतात. ते ऐकवत नाही.

दोर आवळल्याने विष थांबते, हा समज मांत्रिकाइतकाच जुना आहे आणि तो शिकलेल्यांतही आहे. दोराने रक्त अडते आणि मांस मरते. घोणस आणि फुरसे यांचे विष तर मुळातच मांस सडवते. दोराने ते एकाच जागी कोंडले जाते आणि दोर एकदम सोडला की उसळून अंगात पसरते. म्हणून कोणी आधीच दोर बांधला असेल तर वाटेत सोडू नका, दवाखान्यातच सोडू द्या. चीर देणे त्याहून वाईट, कारण या सापांच्या विषाने रक्त गोठण्याचे थांबते. चिरेतून ते वाहतच राहते. तोंडाने विष ओढण्याचाही उपयोग नाही.

मग करायचे काय? माणसाला आडवे करा, धीर द्या. चालू देऊ नका, पळू तर मुळीच देऊ नका. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठी, जोडवी, करदोडा काढून घ्या. हातपाय मोडल्यावर बांधतो तशी काठी किंवा फळी लावून तो अवयव कापडाने सैलसर बांधा, म्हणजे हलणार नाही. ओकारी होत असेल तर डाव्या कुशीवर निजवा. खायला-प्यायला काही देऊ नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि ती फुकट आहे. गाडी यायला उशीर दिसला तर मोटारसायकलवर रोग्याला मध्ये बसवून मागून एकाने धरावे आणि निघावे.

सापाला शोधून मारण्यात वेळ घालवू नका. तथागतांनी मालुंक्यपुत्ताला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला होता. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, हे कळेपर्यंत बाण काढू न देणारा तो माणूस मरणारच. सापाचेही तेच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच इंजेक्शन चालते. ते घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि सलाईनमधून देतात. त्याची कधीकधी जोराची रिअॅक्शन येते, म्हणून ते घरी ठेवून टोचण्याची वस्तू नव्हे. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो, कारण विष तेवढेच गेलेले असते. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे नुसते ठेवतात. तेव्हा 'काहीच करत नाहीत' म्हणून आरडाओरड करू नये. रक्त गोठते की नाही, ते पाहत असतात.

मण्यारीबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, दातांची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते आणि पुढे श्वास बंद पडतो. ऊसतोडीला कोपीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. बाज मिळाली तर बाजेवर झोपा, नाही तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. रात्रीच्या विजेवर दारे धरायला जाताना बॅटरी आणि गमबूट हवेतच.

विंचवाचेही थोडक्यात. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब दवाखाना गाठा. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांनी विंचवाने मरणारी माणसे पाहिली आणि पुढे रक्तदाबाच्या प्राझोसिन या गोळीने ती वाचू शकतात हे दाखवून दिले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती गोळीही डॉक्टरांनीच द्यायची.

मांत्रिकाच्या हातून माणसे 'वाचतात' ती आमच्या वहिनीसारखी, धामण किंवा दिवड चावलेली. बहुतेक साप बिनविषारीच असतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षे शिक्षेचा. साप चावून शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, पण सातबारा नसलेल्या मजुराच्या घरी त्यातले काही येत नाही. खुरपायला मात्र वाकतो तो मजूरच. यावर आपल्या संघटनांनी निवेदन द्यायला हवे.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतेच. त्यातली एक संध्याकाळ यासाठी काढा. दोघांनी आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री डॉक्टर असतात का, ते विचारून यावे. नसतील तर ग्रामीण रुग्णालय किती लांब, गाडी कोणाची, तिचा फोन नंबर काय, हे विहाराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. आमच्या वस्तीत ते वहिनींनी लिहवून घेतले आहे.

पुढच्या आठवड्यात फवारणीच्या विषबाधेविषयी.