कागदावरचें पेट्रोल

एका लिटरांत साठ-सत्तर किलोमीटर धांवणाऱ्या मोटारीची वार्ता अलीकडे सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत मोठ्या श्रद्धेनें सांगितली जाते. ही मोटार म्हणजे प्लग-इन हायब्रिड. तिच्या पोटांत पेट्रोलचें इंजिन असतें, शिवाय घरच्या विजेवर भरून घेतां येणारी मोठी बॅटरीही असते. यंत्र चातुर्याचें आहे, याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्या साठ-सत्तरच्या आंकड्याविषयीं, आणि त्याहूनही अधिक, त्या आंकड्याच्या जोरावर सरकारदरबारीं पदरांत पाडून घेतल्या जाणाऱ्या सवलतींविषयीं.

हा आंकडा जन्मास कसा येतो तें पाहावें. प्रयोगशाळेंत गाडी एकदां बॅटरी पूर्ण भरून चालवितात, एकदां ती संपलेली असतां चालवितात. अर्थातच दोन अगदीं निराळीं उत्तरें येतात. मग त्यांचें एकच उत्तर करण्यासाठीं मालक आपल्या प्रवासाचा किती भाग विजेवर करील याचें एक प्रमाण गृहीत धरतात. युरोपच्या जुन्या कोष्टकाप्रमाणें विजेवर 60 किलोमीटर जाणाऱ्या गाडीचा मालक ऐंशी टक्क्यांहून अधिक वाट विजेवर कापील असें मानलें होतें. तर्कशास्त्राच्या वर्गांत 'जर' वांचून 'तर' उभा राहत नाहीं हें पहिल्याच महिन्यांत शिकवावें लागतें. येथें 'तर' ठळक टाइपांत छापला गेला, आणि 'जर' छापखान्यांतच राहिला!

आमच्या भंडाऱ्यापुरता हिशेब करूं. येथून नागपूर महामार्गानें साठएक किलोमीटर. मोठा दवाखाना, हायकोर्ट, मुलांचें कॉलेज, लग्नाचा बस्ता, कांहीं म्हटलें तरी भंडारेकर सकाळीं नागपुरास जातो आणि दिवेलागणीस परततो. म्हणजे 120 किलोमीटरांची फेरी. समजा, बॅटरी संपल्यावर गाडीस 100 किलोमीटरला साडेसात लिटर पेट्रोल लागतें. ऐंशी टक्के वाट विजेवर झाली असें धरल्यास सरासरी दीड लिटर पडते, म्हणजे लिटरला सुमारें 67 किलोमीटर. हाच तो चमत्कार. आतां खरी फेरी घ्या. रात्रीं घरीं बॅटरी भरली, नागपूर येतां येतां ती संपली, दवाखान्याच्या आवारांत भरण्याची सोय नव्हती. परतीची सारी वाट पेट्रोलवर. लिटरला 27. तीच फेरी मे महिन्यांतली धरा. पारा 45 ला टेकलेला, गाडींतलें वातानुकूलन अखंड चालू, महामार्गाचा वेग. विजेवरची धांव 60 ची 45 झाली तर लिटरला 21. आणि वरच्या मजल्यावरच्या ज्या भाडेकरूस खालीं वायर सोडण्यास घरमालक परवानगी देत नाहीं, त्याच्या पदरीं 13. शिवाय निजलेल्या बॅटरीचें ओझें इंजिनानें जन्मभर वाहायचें तें निराळेंच. विजेचें बिल तर यांपैकीं एकाही आंकड्यांत नाहीं, कारण लिटरच्या मापांत युनिटें मावत नाहींत.

उलट वरठीच्या कारखान्यांत रोज जाऊन येणारा आणि अंगणांत गाडी उभी करणारा गृहस्थ आठवडेच्या आठवडे पंपाकडे फिरकणारही नाहीं. हें आम्ही आनंदानें कबूल करतों. पण मग त्या गाडीचा 'खरा' आंकडा कोणता? एकही नाहीं. तो मालकाच्या घराप्रमाणें आणि वाटेप्रमाणें बदलतो, आणि जो बदलतो त्यास एका छापील संख्येंत कोंडणें ही दिशाभूल आहे.

हा आमचा कल्पनाविलास नव्हे. युरोपांत 2021 पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनखर्च टिपून ठेवणारें साधन सक्तीचें आहे. त्या नोंदींवरून युरोपियन कमिशननें मार्च 2024 मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारींतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेच्या आंकड्याहून सुमारें 20 टक्के अधिक निघाला. प्लग-इन हायब्रिडांचा सरासरी साडेतीनपट! त्यापूर्वीं 2022 मध्यें जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनें व आयसीसीटीनें केलेली पाहणी याहून बोलकी आहे. खासगी मालकांच्या गाड्यांस 100 किलोमीटरला चार-साडेचार लिटर लागत. कंपनीनें नोकरांस दिलेल्या गाड्यांस साडेसात ते साडेआठ. पेट्रोलचे पैसे कंपनी देणार आणि विजेचे पैसे आपण, अशा स्थितींत रात्रीं उठून वायर कोण जोडतो? शेवटीं युरोपलाही आपलें कोष्टक फिरवावें लागलें. त्याच 60 किलोमीटरांच्या गाडीसाठीं विजेचा वांटा 2025 च्या नियमानें 54 टक्के धरण्याचें ठरलें, आणि 2027 साठीं 34.

प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं दोष गाडीचा नव्हे, बॅटरी न भरणाऱ्या मालकाच्या आळसाचा आहे. साकोलीस धानाचें संशोधन केंद्र आहे. केंद्राच्या वाफ्यांतला उतारा आणि आपल्या बांधींतला उतारा एक नसतो, हें या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. आणि वाफ्यांतल्या उताऱ्यावर शेतसारा आकारा असें म्हणणारा अधिकारी अजून आम्हांस भेटलेला नाहीं. मोटारींच्या बाबतींत मात्र नेमका हाच न्याय चालला आहे.

'असल्या गाड्या भंडाऱ्यांत आहेत तरी किती?' असें कोणी विचारील. फारशा नाहींत. व्होल्व्होची एक्ससी 90 किंवा बीएमडब्ल्यूची एक्सएम ही मध्यमवर्गाच्या दारांत उभी राहणारी वाहनें नव्हेत. परंतु सवलतीचा भार ज्यांच्या दारांत गाडी नाहीं त्यांच्यावरच पडतो. 2015 मध्यें सुरू झालेल्या केंद्राच्या 'फेम' योजनेंत, केवळ विजेवर चाक फिरवूं न शकणाऱ्या 'माइल्ड हायब्रिड' मोटारींसही अनुदान मिळत होतें. तें 1 एप्रिल 2017 पासून बंद करावें लागलें. त्याच 2017-18 पासून मोटार-कंपन्यांच्या सरासरी इंधनखर्चाचे नियम लागू झाले. त्यांत एक प्लग-इन हायब्रिड विकली कीं ती अडीच मोटारींइतकी धरावी असें ठरलें. म्हणजे आधींच फुगलेला प्रयोगशाळेचा आंकडा, त्यास पुन्हां अडीचानें गुणावयाचें; आणि त्या पुण्याईवर कंपनीनें अधिक पेट्रोल पिणाऱ्या आणखी कांहीं गाड्या निर्वेधपणें विकावयाच्या. उत्तर प्रदेश सरकारनें जुलै 2024 मध्यें अशा मोटारींचा नोंदणीकर माफ केला, तोही मालक बॅटरी भरतो कीं नाहीं हें न विचारतां. खनिज तेल आपण बहुतांशीं परदेशांतून विकत आणतों. कागदावर वांचलेल्या पेट्रोलनें तेथलें बिल कमी होत नाहीं.

आमची मागणी फार मोठी नाहीं. गाडीवर एक आंकडा न छापतां तीन छापावे: भरलेल्या बॅटरीवर किती किलोमीटर जाते, त्यास किती युनिटें लागतात, आणि बॅटरी रिकामी असतां लिटरला किती. सवलत द्यावयाची तर ती पहिल्या वर्षाची प्रत्यक्ष नोंद पाहून द्यावी. नोंद ठेवण्याची युक्ति युरोपांत रोज वापरांत आहे, ती कांहीं नव्यानें शोधावयाची नाहीं. अडीचाचा गुणाकार तर तोंवर स्थगितच ठेवावा. आणि हा नियम होईपर्यंत, नागपूरच्या दुकानांत गाडी पाहण्यास जाणाऱ्या वाचकांनीं विक्रेत्याकडून रिकाम्या बॅटरीचा आंकडा लेखी मागून घ्यावा.