न उच्चारलेला शब्द : सेरिटोस, १९८६

१/ विमान-अपघातांच्या इतिहासात चुकीच्या शब्दांची चर्चा पुष्कळ होते. न उच्चारलेल्या शब्दाची तेवढी होत नाही. हा धागा अशाच एका मौनाविषयी, आणि त्या मौनाचा दोष कोणाच्या पदरात घालावा याविषयी आहे.

२/ ३१ ऑगस्ट १९८६, रविवार. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथून सकाळी ११.४० च्या सुमारास एक खाजगी विमान निघाले. एका इंजिनाचे, चार आसनांचे पायपर आर्चर. आत तिघे जण. जायचे होते डोंगरातल्या बिग बेअरला. आकाश निरभ्र होते. उड्डाणापुरते टॉरन्सच्या मनोऱ्याशी बोलणे झाले. पुढच्या सुमारे बारा मिनिटांत वैमानिकाने कोणत्याही नियंत्रकाशी संपर्क साधला नाही.

३/ येथे व्यवस्था समजून घेतली पाहिजे. मोठ्या विमानतळाभोवती नियंत्रित आकाश आखलेले असते. उतरंड उलटी ठेवावी तसा त्याचा आकार : विमानतळापाशी तळ जमिनीला टेकलेला, आणि दूर जावे तसतसा उंच होत गेलेला. सेरिटोस या उपनगरावर तो तळ ६,००० फुटांवर होता. त्याखालून जायला परवानगी लागत नसे. त्यावर चढायचे तर रेडिओवरून आपण कोण, कुठे आहोत आणि काय हवे आहे हे सांगून परवानगीची वाट पाहणे बंधनकारक होते. शेताला बांध असतो, घराला कुंपण असते. ही सीमा मात्र केवळ नकाशावर होती.

४/ पायपर सुमारे ६,५०० फुटांवर होते. परवानगी मागितलेली नव्हती. विमानात ट्रान्सपाँडर होता, पण उंची कळवणारा नव्हता. म्हणजे रडारला ते कुठे आहे हे कळू शकत होते, किती वर आहे हे कळणे शक्य नव्हते. त्याच वेळी टिहुआनाहून आलेले एअरोमेक्सिकोचे डीसी-९ लॉस एंजेलिसला उतरण्यासाठी खाली येत होते.

५/ ११.५२ वाजता डीसी-९ चे शेपटाचे आडवे पंख आणि पायपरचे छत एकमेकांवर आदळले. डीसी-९ मधील ६४, पायपरमधील ३ आणि जमिनीवरील १५, असे ८२ जण मृत्युमुखी पडले. जमिनीवरचे बहुतेक लोक तर घरांमध्येच होते.

६/ या दिवसाचा एक तपशील विसरता येत नाही. ज्या नियंत्रकाकडे डीसी-९ होते, तो त्याच सुमारास दुसऱ्या एका छोट्या विमानाच्या वैमानिकाशी बोलत होता. तोही परवानगीविना नियंत्रित आकाशात शिरला होता, आणि पुढच्या वेळी नकाशा पाहत जा, असे नियंत्रक त्याला सुनावत होता. एकाच आकाशात एकच चूक दोघांनी केली. एकाला कानउघाडणीवर सुटता आले.

७/ मग दोषी कोण? पायपरच्या वैमानिकाला हृदयविकाराचा झटका आला असावा, असे प्रथम सांगितले गेले. तपासात ते टिकले नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाचा अनवधानाने झालेला प्रवेश हे साहाय्यक कारण मानले. मुख्य कारण म्हणून बोट ठेवले ते टक्कर टाळण्यास अपुऱ्या पडलेल्या नियंत्रण-व्यवस्थेवर. पुढे ज्यूरीने सरकार आणि पायपरचा वैमानिक यांना सारखेच जबाबदार धरले. डीसी-९ च्या वैमानिकांना निर्दोष ठरवले.

८/ माझ्या मते मंडळाचा हा क्रम योग्य होता. त्याचा अर्थ वैमानिक निरपराध होता असा नव्हे. विचारायला हवे होते, विचारले नाही. पण ज्या व्यवस्थेत एका माणसाने तोंड न उघडल्यास ८२ जीव जाऊ शकतात, ती केवळ माणसांच्या सावधपणाच्या भरवशावर चालली होती. मेलेल्याला दोष दिल्याने उरलेल्यांपैकी कोणी सुरक्षित होत नाही.

९/ बदल घडले ते याच विचारामुळे. १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ३० हून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारे यंत्र, म्हणजे टीकॅस, सक्तीचे केले. मोठ्या विमानतळांच्या ३० नॉटिकल मैलांच्या परिघात, काही अपवाद वगळता, उंची कळवणारा ट्रान्सपाँडर आवश्यक झाला. वैमानिक गप्प राहिला तरी विमानाने बोलावे, अशी ही सोय होती.

१०/ आपल्याकडे हा धडा दहा वर्षे उशिरा आणि फार महाग पडला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी बोइंग ७४७ आणि कझाक इल्युशिन-७६ यांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते. त्यात नियंत्रकांशी बोलण्याचे काम वैमानिकांकडे नव्हे, तर वेगळ्या रेडिओ-चालकाकडे होते. आणि दिल्लीच्या नियंत्रकांपुढच्या रडारवर विमानांचे ठिपके दिसत. उंची दिसत नसे. सेरिटोसचीच उणीव, दहा वर्षांनंतर. त्यानंतर भारतात टीकॅस सक्तीचे झाले.

११/ यंत्रे आली तरी एक काम माणसांकडेच उरते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए ५१४ हे विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळून ९२ जण मेले; उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाला दुसरा अभिप्रेत होता. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. ती वार्ता त्या कंपनीबाहेर पोचली नाही. त्यातून १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली एक योजना सुरू झाली : वैमानिकाने आपली चूक स्वतः लिहून कळवावी, आणि त्याचे नाव गुप्त राहावे.

१२/ सेरिटोसचा खरा बोध मला याच योजनेत दिसतो. रेडिओवर अडखळलेल्या, चुकीचे शब्द वापरलेल्या नवख्या वैमानिकाला हसणे सोपे असते. पण हसे होईल या भीतीने पुढच्या वेळी तो गप्प बसला, तर ते हसू फार महागात पडते. अडखळलेला प्रश्न पुन्हा विचारून स्पष्ट करून घेता येतो. न विचारलेल्या प्रश्नाला नियंत्रक उत्तर देऊ शकत नाही. म्हणून विचारणाऱ्याने लाजू नये, आणि ऐकणाऱ्याने लाजवू नये.