सायकलवरच्या यंत्रातील नोंदी

नाशिक जिल्ह्यात सायकलीला प्रतिष्ठा डॉक्टरांनीच मिळवून दिली, असे मी गमतीने म्हणत असतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही जाते. आपल्या नांदगावातही पहाटे मनमाड रस्त्याला किंवा नस्तनपूरच्या दिशेने साठी ओलांडलेली मंडळी सायकलवर दिसू लागली आहेत. त्यांपैकी काहींच्या हँडलवर काडेपेटीहून थोडे मोठे एक यंत्र असते. बहुधा ते मुलाने वा मुलीने वाढदिवसाला दिलेले असते.

हा सायकल कॉम्प्युटर अंतर, वेग, चढ आणि छातीचा पट्टा जोडला असल्यास नाडीचे ठोके क्षणोक्षणी टिपतो. परंतु पुष्कळांच्या बाबतीत ही माहिती यंत्रातच पडून राहते. फेरी संपली की पडद्यावरचे किलोमीटर पाहायचे आणि यंत्र बंद करायचे! वैद्यकीय दृष्टीने एका दिवसाच्या आकड्याला फारसे मोल नसते; मोल असते ते महिनोन्‌महिन्यांच्या तुलनेला.

याचे एक उदाहरण सांगतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ‘हल्ली थोडे दमायला होते, वय झाले’ एवढीच तक्रार घेऊन आले. फोन बदलल्यापासून त्यांच्या नोंदी स्ट्राव्हावर जात नव्हत्या. यंत्रात मात्र त्या शाबूत होत्या. नातवाने त्या संगणकावर चढविल्या. रस्ता तोच, वेळ पहाटेचीच. पण तीन महिन्यांपूर्वी सरासरी नाडी मिनिटाला ११८ होती, ती १३४ झाली होती, आणि वेग उलट कमी झाला होता. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्त झिरपत होते. वयावर ढकललेल्या दमण्याचे कारण असे सापडले आणि उपचारही झाले.

तेव्हा वाचकहो, नोंद पुढे कशी पाठवावी, ते समजून घ्या. फेरी संपल्यावर आधी ‘स्टॉप’ आणि मग ‘सेव्ह’ करावे. यंत्र नुसते बंद केल्यास काही यंत्रांत नोंद अर्धवट राहते. त्यानंतर यंत्र ज्या कंपनीचे असेल तिचे ॲप फोनवर उघडून ब्लूटूथ चालू ठेवावे. नोंद तेथे उतरते. त्या ॲपला स्ट्राव्हासारखी सेवा एकदा जोडून दिली की पुढच्या फेऱ्या आपोआप तेथे जातात. फोन बदलला की मात्र ही जोडणी पुन्हा तपासावी लागते, आणि नेमके हेच घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

ब्लूटूथने दाद दिली नाही तर यंत्र केबलने संगणकाला जोडावे. येथे एक गंमत होते. घरात सापडणारी प्रत्येक केबल माहिती वाहून नेत नाही. काही केवळ चार्जिंगच्या असतात. यंत्र संगणकावर दिसेना, तर यंत्राला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. आत जी फाईल मिळेल ती शक्यतो ‘एफआयटी’ या प्रकारातलीच चढवावी. ‘जीपीएक्स’ फाईल मुख्यतः मार्गासाठी असते. तिच्यात नाडीची नोंद येईलच याची खात्री नसते. माहिती नीट पोहोचल्याचे पाहिल्याशिवाय यंत्रातले काही पुसू नये.

आता सावधगिरीचे. ही ॲपे २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा धरतात. तो एक ढोबळ अंदाज आहे. माणसामाणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज पडतो. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच कमी राहते. पडद्यावरची पट्टी ‘श्रम अपुरे’ म्हणते म्हणून जोर वाढवू नये आणि नाडी चढावी म्हणून गोळी तर मुळीच चुकवू नये. ठोके अनियमित पडत असतील, तर मनगटावरच्या घड्याळाचा आकडा पुष्कळदा फसवा असतो. सायकल चालवताना शेजाऱ्याशी सलग वाक्य बोलता येते का, ही जुनी कसोटी मला अजूनही अधिक विश्वासाची वाटते. छातीत दडपण, भोवळ किंवा एकाएकी धाप लागली, तर फेरी पूर्ण करण्याचा मोह सोडून तेथेच उतरावे आणि १०८ ला फोन करावा.

पुण्यात वा परदेशात बसून वडिलांच्या फेऱ्या पाहणाऱ्या मुलांनाही एक विनंती आहे. आज नोंद आली नाही म्हणून लगेच जाब विचारू नका. कित्येकदा बॅटरी उतरलेली असते. ‘काल बाबा हळू का गेलात?’ अशी रोजची हजेरी सुरू झाली की यंत्र कपाटात जाते, हे मी पाहिले आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची फेरी मात्र सर्वांना दिसेल अशी ठेवू नका. घर कोठे आहे आणि ते रोज किती वाजता रिकामे असते, हे त्या नकाशावरून कोणालाही कळते. फेरीचा आरंभ आणि शेवट झाकण्याची, तसेच नाडी इतरांना न दाखवण्याची सोय स्ट्राव्हामध्ये आहे. पुढच्या सुट्टीत घरी याल तेव्हा ती स्वतः करून द्या.

आणि तपासणीला येताना शंभर फेऱ्यांनी भरलेला फोन माझ्या हाती देऊ नका. एकाच रस्त्याच्या, साधारण महिन्याच्या अंतराने केलेल्या चार फेऱ्या निवडा. प्रत्येकीची तारीख, वेळ, सरासरी वेग आणि सरासरी नाडी कागदावर लिहा. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची नावे लिहून आणा, दुकानातून परस्पर घेतलेल्यांसह.