बुडी कधी मारलीत?

वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता फुटतो, आणि धरमतरची खाडी तिथून जवळच आहे. त्यामुळे नाक्यावरच्या दवाखान्यात बुडी मारणारे दोन तऱ्हांचे पेशंट येऊ शकतात. एक म्हणजे रायगडच्या खाड्यांत हातपाटी-डुबीने रेती काढणारा कामगार. दुसरा, मालवण-तारकर्लीला स्कूबा करून त्याच दिवशी गाडीने मुंबईला निघालेला. बुडीचा विषय दोघेही स्वतःहून काढत नाहीत. पहिल्याचे ते रोजचे काम, त्यात डॉक्टरला सांगण्यासारखे काय? दुसऱ्याच्या लेखी सकाळची गंमत सकाळीच संपलेली असते. आणि आपणही विचारत नाही.

डुबी मारणारा बांबूच्या आधाराने श्वास रोखून तळाशी जातो, बादली भरतो आणि वर येतो. हे दिवसभर चालते. खाडी उथळ, म्हणून धोका कमी असे आपण धरून चालतो. दाबाचे गणित नेमके उलट आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो, दहा मीटरवर तो दुप्पट होतो आणि बंदिस्त हवेचे आकारमान निम्म्यावर येते. इतका मोठा फरक पुढच्या कुठल्याही दहा मीटरांत पडत नाही. म्हणजे मध्यकर्णाला सर्वांत जास्त ताण याच माणसाच्या कामाच्या पट्ट्यात बसतो. सर्दीने कानाची नळी चोंदलेली असली तर दोन-तीन मीटरांतच कळ येते. तरीही तो खाली गेला, तर पडदा फाटतो, गार पाणी आत शिरते, गरगरते, आणि गढूळ पाण्यात वर कुठे नि खाली कुठे हेच कळेनासे होते. त्यातून वाचलेला आपल्याकडे ‘कान वाहतो’ म्हणून येतो. त्याच्या कानात न बघता जेंटामायसिनचे थेंब लिहून देणे ही आपल्याकडची वाईट सवय आहे. पडद्याला भोक असेल तर हे औषध आतल्या कानाला घातक ठरू शकते.

बुडीआधी भराभर श्वास घेऊन ‘दम साठवण्याची’ युक्तीही त्याला विचारून पाहा. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो आणि श्वास घ्यायची हाक उशिरा येते. तोवर मेंदूचा प्राणवायू संपून शुद्ध हरपते. पट्टीचा पोहणाराही असाच जातो.

स्कूबावाल्याचे शरीरशास्त्र वेगळे. डुबी मारणारा वर येताना श्वास रोखतो ते ठीकच, कारण त्याच्या फुप्फुसात वरून नेलेलीच हवा असते. टाकीतली हवा घेणाऱ्याने तेच केले तर खालच्या दाबाला भरलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटते. त्यासाठी जेमतेम दीड मीटर खोलीही पुरते. हवेचे बुडबुडे मेंदूपर्यंत गेले तर लक्षणे बहुधा दहा मिनिटांच्या आत दिसतात. म्हणून हा पेशंट मालवणच्या डॉक्टरचा.

वडखळला पोचेल तो डीकम्प्रेशन सिकनेसचा. उथळ पाण्यातल्या एका बुडीने पर्यटकाला तो सहसा होत नाही. दिवसभर ग्राहकांमागून ग्राहक घेऊन उतरणारा प्रशिक्षक, खोल पाण्यात सराव करणारा हौशी, समुद्रातल्या तेलवाहिन्यांवर काम करणारा पाणबुड्या यांना होतो. रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. लक्षणे बहुतेकांना पहिल्या सहा तासांत दिसू लागतात, म्हणजे गाडी महामार्गावर असतानाच. खांदा किंवा कोपर दुखतो, पायाला मुंग्या येतात, लघवी अडते. डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने दुखणे कमी होईल आणि निदान हातचे जाईल. अशा पेशंटला आडवे झोपवा, डोके खाली करू नका. घट्ट मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन द्या, सलाइन लावा, ग्लुकोज नको. ऑक्सिजनने बरे वाटले म्हणून घरी सोडू नका.

निसर्गाने बुडीसाठीच घडवलेले प्राणीही यातून सुटत नाहीत. समुद्री कासवांना हा आजार होत नाही असे मानले जाई. 2014 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांत अडकून वर आलेल्या कासवांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले, आणि दाबकक्षात ठेवल्यावर सुधारणाही दिसली. वेळासला अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांची आपल्याला काळजी वाटते. जाळ्यातून जिवंत निघालेले कासव लगेच पाण्यात सोडले की काम झाले, हा समज आपल्या पशुवैद्यक मित्रांनी तपासून पाहावा.

या आजाराची सर्वांत जाणकार मंडळी कुलाब्याला आहेत. आयएनएचएस अश्विनीच्या आवारातली नौदल वैद्यक संस्था हेच शिकवते. मुंबईतल्या काही खासगी रुग्णालयांत जखमा भरण्यासाठी दाबकक्ष असतात. पण पाणबुड्यांच्या प्रचलित उपचारात सुरुवातीला 2.8 वातावरणांचा दाब लागतो आणि सगळे मिळून पावणेपाच तास लागतात. प्रत्येक कक्षात ते जमेलच असे नाही. कुठे जमते, रात्री कोण फोन उचलते, हे पेशंट दारात असताना शोधू नये. आजच विचारून नंबर भिंतीवर लावा.

पेण, रोहा, अलिबाग, माणगावच्या वाचकांना आणखी एक विनंती. डुबीवर जाणारा कुणीही, कशासाठीही आला तरी त्याच्या दोन्ही कानांत ऑटोस्कोप घालून पाहा, ऐकू येण्याची साधी चाचणी घ्या, केसपेपरवर ‘डुबी’ असे लिहा. पेशंटचे नाव वगळून अशा नोंदी आमच्याकडे पाठवा. येतील तशा छापू.